कादंबरी आणि अर्ज



ह्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आमची इयत्ता नववी. ती अर्धवट टाकून आम्ही सोलापुरात यंत्रमागावर गेलो, आणि पुढे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. चालकांनी आम्हांला एखाद्या साहित्यिकावर बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले की, कादंबरीची समीक्षा आमच्याने होणार नाही. परंतु एका कादंबरीकर्त्या बाईंनी आयुष्यात अर्ज किती निष्ठेने लिहिले, ते कोणासाठी लिहिले आणि मानसन्मान व पैसा आला तेव्हा त्याचे काय केले, एवढे सांगण्याचा आमचा अधिकार आहे. कारण अर्ज लिहिणे हा आमचाही तीस वर्षांचा उद्योग आहे.

त्या बाई म्हणजे बंगालच्या महाश्वेतादेवी. गोविंद निहलानींचा 'हजार चौरासी की माँ' हा १९९८ सालचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आम्हांला बंगाली येत नाही. बिरसा मुंडावरची त्यांची 'अरण्येर अधिकार' ही कादंबरी आम्ही 'जंगल के दावेदार' ह्या हिंदी रूपात वाचली. रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांतून घेतलेली ती प्रत होती. पहिली काही पाने फाटलेली होती. त्यामुळे लेखिका कोण, हे कळण्याच्या आधीच आम्ही पुस्तकात शिरलो. एक प्रकारे बरेच झाले.

महाश्वेतादेवींचा जन्म १४ जानेवारी १९२६ चा, ढाक्याचा. घर लिहित्या-वाचत्यांचे. वडील मनीष घटक कवी व कथाकार, काका ऋत्विक घटक पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून गाजले, आणि १९४७ साली ज्यांच्याशी लग्न झाले ते बिजन भट्टाचार्य हे 'नवान्न' नाटकाचे कर्ते. अशा घरातली बाई सुखाने लिहीत बसली असेल, अशी तुमची समजूत होईल. तसे झाले नाही. टपाल-तार खात्याच्या कचेरीतील त्यांची नोकरी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून गेली. घरात लहान मूल, नवऱ्याची मिळकत बेभरवशाची. बाईंनी शिकवण्या केल्या, साबण विकला, रंगाची पूड विकली. नोकरीवरून काढलेल्या माणसाच्या घरी पहिल्या महिन्यात काय घडते आणि सहाव्या महिन्यात काय घडते, ते आम्ही शेकडो घरांत पाहिले आहे. पुढे त्यांच्या लेखनात भुकेचा हिशेब इतका चोख कसा, ह्याचे नवल आम्हांला म्हणूनच वाटत नाही.

पहिले पुस्तक लिहिले तेही आपल्या मराठी राणीवर. मोरोपंत तांब्यांची कन्या, झाशीची राणी लक्ष्मीबाई, हा त्यांचा विषय. कलकत्त्याच्या ग्रंथालयात बसून ते लिहिता आले असते. परंतु पैसे उसने काढून आणि मुलाला घरी ठेवून बाई झाशी-बुंदेलखंडात हिंडल्या, आणि तिथल्या साध्या माणसांच्या तोंडी राणी कशी जिवंत राहिली आहे, ते त्यांनी ऐकून घेतले. १९५६ साली ते पुस्तक निघाले. आधी जायचे, ऐकायचे, मग लिहायचे, ही सवय इथे लागली ती आयुष्यभर सुटली नाही.

साठीच्या दशकात त्या पलामूला जाऊ लागल्या. तेव्हा बिहारात आणि आता झारखंडात असलेला हा जिल्हा वेठबिगारीसाठी कुप्रसिद्ध होता. दुष्काळात किंवा लग्नकार्यासाठी मालकाकडून थोडे पैसे घ्यायचे, अंगठा उठवायचा, आणि मग त्या कर्जापायी बापाने, मुलाने आणि नातवाने राबायचे. अशा माणसाला तिकडे 'कमिया' म्हणत. बाईंच्या 'दौलती' ह्या कथेतला गनोरी नागेसिया तीनशे रुपयांच्या कर्जासाठी असा बांधला गेला आहे. मालक त्याला बैलाच्या जागी गाडीला जुंपतो, त्यात त्याचे शरीर कायमचे वाकडे होते, आणि पुढे तेच तीनशे रुपये फेडण्याच्या नावाखाली त्याची मुलगी विकली जाते. कथेचा शेवट आम्ही सांगत नाही. ज्याने वाचला त्याला पंधरा ऑगस्टचा दिवस पूर्वीसारखा राहत नाही.

आता कायदा पाहा. वेठबिगार पद्धती नष्ट करणारा केंद्राचा कायदा १९७६ चा. त्या कायद्याने वेठीचे कर्ज रद्द ठरले. ते वसूल करणे हाच गुन्हा झाला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम घेणे हीसुद्धा संविधानाने मना केलेली सक्तीची मजुरी होय. इतके स्पष्ट असताना पलामूत कमिया होतेच. कारण आपण बांधलेले आहोत हे सरकारदरबारी सिद्ध करण्यासाठी नाव, गाव, रक्कम, साल हे सारे कोणीतरी लिहून द्यावे लागते, आणि ज्याच्यावर ही वेळ येते त्याला नेमके तेच येत नाही. ऐंशीच्या सुमारास पलामूत वेठबिगारांची संघटना उभी राहिली, त्यात बाईंचा पुढाकार होता. मोर्चा निघाला, याद्या झाल्या, अर्ज गेले. कथा लिहिणारा हातच अर्जही लिहीत होता.

इथे आमचा एक अपराध तुमच्यापुढे कबूल करणे आम्हांला भाग आहे.

यंत्रमागाचे काम घटल्यावर आमची युनियन ऊसतोड मजुरांत काम करू लागली. मराठवाड्याच्या दुष्काळी गावांतून दिवाळीच्या सुमारास ह्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता'. मुकादम आगाऊ रक्कम देतो, तिला 'उचल' म्हणतात. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. आजारपणाने, बाळंतपणाने एक दिवस बुडाला तर 'खाडा' लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. आणि हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर चढते. पलामूचा कमिया आणि आपला कोयता हे एकच, असे आम्ही म्हणत नाही. कोयत्याला घरी परत जाता येते. पण ती बाकी वर्षामागून वर्षे चढत गेलेली आम्ही पाहिली आहे, आणि त्या माणसांच्या डोळ्यांत गनोरी नागेसिया दिसला आहे.

अशाच एका फडावरची एक बाई. नवरा तापाने पडलेला, मुकादमाने दोघांचा खाडा लावलेला, आणि गावी निघू म्हटले तर कोपीतला संसार अडवून धरलेला. आम्ही तिचे निवेदन लिहिले. त्या रात्री आमच्या लेखणीला फार जोर आला. शोषणाची परंपरा आली, भांडवलशाही आली, मजुरांच्या रक्ताचा आणि साखरेच्या गोडीचा विरोध आला. चार पाने झाली. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याने ती शांतपणे वाचली आणि विचारले, "उचल किती? कोणत्या तारखेला घेतली? खाडे किती दिवसांचे?" आमच्या चार पानांत ह्यातले काहीही नव्हते. अधिकाऱ्याचा दोष नव्हता. दोष आमचा होता. प्रकरण तिथेच बसले. बाहेर आल्यावर ती बाई म्हणाली, "दादा, तुमी लई चांगलं लिव्हलंय, पर त्यात मी कुटंच न्हाई."

तिला सगळ्या तारखा पाठ होत्या. बाजाराच्या वारावरून आणि लेकराच्या दुखण्यावरून तिने त्या मनात बांधून ठेवल्या होत्या. आम्ही तिला एकदाही विचारले नव्हते.

ह्यानंतर पुष्कळ दिवसांनी महाश्वेतादेवींच्या 'बर्तिका' नियतकालिकाची हकिकत आमच्या वाचनात आली, आणि आपली चूक नेमकी कोठे झाली ते कळले. 'बर्तिका' म्हणजे दिव्याची वात. हे त्यांच्या वडिलांचे नियतकालिक. वडील गेल्यावर १९८० मध्ये बाईंनी ते हाती घेतले आणि त्याचे रूपच पालटून टाकले. नामांकित लेखकांना त्यात जागा राहिली नाही. शेतमजूर, आदिवासी, कारखान्यातला कामगार, रिक्षा ओढणारा, ह्यांनी आपले जगणे आपल्या शब्दांत लिहावे, ही त्याची अट झाली. वेठबिगारांवर, वीटभट्टीच्या मजुरांवर, बंद पडलेल्या कारखान्यांच्या कामगारांवर त्याचे अंक निघाले. बंद कारखान्याच्या फाटकासमोर ज्याने दिवस काढले आहेत, त्यालाच कळेल की कारखाना बंद झाल्यावर वृत्तपत्रांची गर्दी आठ दिवसांची असते. त्यानंतर त्या माणसांना कोणी लिहायला सांगितले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

ह्याच काळात कलकत्त्यात एक सायकल-रिक्षावाला होता. पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्या नामशूद्र कुटुंबातला. शाळा पाहिलेली नाही. अक्षरओळख झाली ती तुरुंगात. गिऱ्हाईक नसेल तेव्हा रिक्षात बसून वाचायचा. एकदा वाचताना त्याला एक शब्द अडला, 'जिजीविषा'. रिक्षात बसलेल्या बाई शिक्षिकेसारख्या दिसल्या, म्हणून त्याने त्यांनाच अर्थ विचारला. जगण्याची इच्छा, असा अर्थ त्यांनी सांगितला, आणि हा शब्द तुला कोठे भेटला, अशी चौकशी केली. बोलता बोलता कळले की, हा ज्यांची पुस्तके वाचतो त्या महाश्वेतादेवी ह्याच. बाईंनी त्याला शाबासकी देऊन सोडले नाही. 'बर्तिका'साठी लिही म्हणून सांगितले. रिक्षा ओढण्यावरचा त्याचा लेख १९८१ मध्ये छापून आला. हेच मनोरंजन ब्यापारी. पुढे त्यांचे आत्मचरित्र देशभर वाचले गेले, आणि २०२१ मध्ये ते पश्चिम बंगालच्या विधानसभेवर निवडून आले.

ही गोष्ट भाग्योदयाची म्हणून सांगितली जाते. आम्हांला तिच्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. रिक्षावाल्यावर एक सुंदर कथा लिहिणे बाईंना सहज जमले असते. त्यांनी ती जागा रिक्षावाल्याला दिली. आम्ही फडावरच्या त्या बाईला जे दिले नाही, ते हेच.

आता मानवी हक्कांच्या लढ्यातील सर्वांत कठीण प्रसंगाकडे वळू. आमच्या सोलापुरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणात कोंडले. त्याची ती खूण. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कुंपण गेले, पण पोलिसांच्या वहीतून आणि शेजाऱ्यांच्या मनातून नाव गेले नाही. बंगालमध्ये लोधा आणि खेडिया शबर ह्यांची हीच अवस्था. लोधा समाजातली पहिली पदवीधर मुलगी चुनी कोटाल हिने १९९२ साली आत्महत्या केली, तेव्हा बाई पेटून उठल्या. पुरुलियाच्या खेडिया शबर कल्याण समितीचे काम तर त्या १९८३ पासून करीत होत्या.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पुरुलियात बुधन शबर ह्या तरुणाला पोलिसांनी पकडून नेले, आणि काही दिवसांत तो कोठडीत मेला. त्याने गळफास लावून घेतला, असे पोलिसांचे म्हणणे पडले. प्रेत जाळले म्हणजे पुरावा संपला. तेव्हा शबरांनी काय केले, ते ऐका. त्यांनी गवताचा पुतळा करून तो जाळला, आणि बुधनचे प्रेत त्याच्याच घरात पुरून ठेवले. निरक्षर म्हणून हिणवलेल्या माणसांनी पुरावा असा राखला. समितीने कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात धाव घेतली, शवाची पुन्हा तपासणी झाली, आणि त्याच वर्षी जुलैत न्यायमूर्ती रूमा पाल ह्यांनी बुधनच्या विधवेला, श्यामलीला, नुकसानभरपाई देण्याचा आणि केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी करण्याचा आदेश दिला.

त्याच वर्षी मार्चमध्ये बाई बडोद्याला व्याख्यानासाठी आल्या होत्या. तेथून गणेश देवी, आपल्या 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड आणि महाश्वेतादेवी ह्यांनी मिळून विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे दार ठोठावले. गायकवाड हे लातूरच्या सूतगिरणीत काम केलेले. म्हणजे आमच्याच बिरादरीतले. अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसवले, आणि त्यांच्या मंडळीचे नावच 'बुधन थिएटर' पडले. पुढे केंद्राने ह्या जमातींसाठी राष्ट्रीय आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष आपले बाळकृष्ण रेणके, आणि त्याचा अहवाल २००८ चा. एका कोठडीतल्या मृत्यूपासून इतका पल्ला गाठला गेला. शिफारशींचे पुढे काय झाले, हे पालावरच्या माणसाला विचारा, तो हसेल.

आता पैशाविषयी. हा विषय चळवळीत कोणी उघड बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. १९९६ चा ज्ञानपीठ आणि १९९७ चा मॅगसेसे असे दोन मोठे पुरस्कार बाईंना लागोपाठ मिळाले. त्या रकमा त्यांनी आदिवासींच्या कामाकडे वळवल्या. ह्याचे कौतुक सर्वांनी केले. पण त्या निमित्ताने एक प्रश्न आमच्यासारख्यांपुढे उभा राहतो. पुरस्कार वाटून टाकायला आधी पोट भरलेले असावे लागते. ज्या पूर्णवेळ कार्यकर्त्याला ना पुस्तकाचे मानधन ना प्राध्यापकाचा पगार, त्याने काय करावे? हल्ली सामाजिक न्यायासाठी अभ्यासवृत्त्या निघाल्या आहेत. तरुण त्यांना 'फेलोशिप' म्हणतात. दोन वर्षे दरमहा रक्कम मिळते, अहवाल द्यावे लागतात.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याला अशी अभ्यासवृत्ती मिळाली, तेव्हा कमिटीत मोठे वादळ झाले. वर्गणीवर चाललेल्या युनियनचा माणूस बाहेरचे पैसे घेणार म्हणजे विकला गेला, असे बोलले गेले. बोलणाऱ्यांत आम्ही पुढे होतो. त्याने ती घेतली. आम्ही त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. तो मात्र रोज संध्याकाळी फडावर जात होता. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस त्याने एक जाडजूड वही कचेरीत आणून ठेवली. साठ कोयत्यांची नावे, उचलीची रक्कम, तारीख, खाडे, आजारपण. प्रत्येकाने सांगितले तसे, त्याच्या बोलीत, आणि खाली अंगठा किंवा सही. संस्थेला अहवाल पाठवून उरलेली ती प्रत नव्हती. संस्थेलाच तिची नक्कल गेली होती. त्या वहीच्या आधाराने आम्ही पुन्हा त्याच कचेरीत गेलो. ह्या वेळी उत्तरे आमच्यापाशी होती. सगळ्यांचे खाडे परत मिळाले असे नाही, काहींचे मिळाले. आम्ही त्या तरुणाची माफी मागितली ती कमिटीत, सर्वांसमोर. आज पुन्हा मागतो.

महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा आपल्या परीने सोडवला होता, ह्याची आठवण द्यावीशी वाटते. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांचे सहकारी नट-नट्या ह्यांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून निधी उभारला. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर ही मंडळी त्यामागे होती. नाव ठेवले 'सामाजिक कृतज्ञता निधी', आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले. नावातच त्याचे मर्म आहे. समाजाने कार्यकर्त्याला दिलेली ती भीक नव्हती, आणि कार्यकर्त्यालाही आपण विकले गेलो असे वाटण्याचे कारण नव्हते.

महाश्वेतादेवींवर आक्षेप नव्हते असे नाही. त्यांच्या उत्तरकाळातल्या कथा बातमीपत्रासारख्या झाल्या, असे जाणकार म्हणतात. म्हणोत बापडे, ते त्यांचे क्षेत्र आहे. आमच्या मनात जी खरी खळबळ झाली ती २००७ मध्ये. सिंगूर आणि नंदीग्राम इथल्या जमिनीच्या प्रश्नावर बाई डाव्या आघाडीच्या सरकारविरुद्ध उभ्या राहिल्या. १४ मार्चला नंदीग्रामात गोळीबार होऊन चौदा माणसे मेली. आमच्या खांद्यावर लाल झेंडा. तिथले सरकारही लाल झेंड्याचे. बाई शत्रूला मिळाल्या, असे आमच्या कचेरीत म्हटले गेले. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. ज्या बाईची नोकरी कम्युनिस्ट म्हणून गेली, तिने उतारवयात कम्युनिस्टांच्या सरकारला जाब विचारावा, ह्याचा अर्थ काय? आम्ही काढलेला अर्थ एवढाच, की त्यांनी अर्जदाराकडे पाहिले. अर्ज कोणाच्या नावे करायचा आहे, हे पाहिले नाही. आम्हांला तसे नेहमी जमलेले नाही. आपल्याच पक्षाच्या माणसाविरुद्धची कामगाराची तक्रार आम्ही एकदा खणात ठेवून दिली होती. ती बरेच दिवस तिथे राहिली.

२८ जुलै २०१६ रोजी महाश्वेतादेवी गेल्या. कादंबऱ्यांची यादी वृत्तपत्रांनी दिली. अर्जांची यादी कोणी दिली नाही, आणि ती देताही येणार नाही. ते कागद कुठल्या कुठल्या तहसील कचेऱ्यांत आणि पोलीस ठाण्यांत पडून असतील.

इथे जमलेल्यांत लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही कादंबऱ्या लिहाव्यात, आम्ही त्या वाचू. आमच्यासारख्याला पुस्तकांनीच माणसांत आणले. पण तुमच्या घरी भांडी घासणारी बाई, सोसायटीचा रखवालदार, ऊसवाल्या गाडीवरचा मजूर ह्यांच्यापैकी कोणाला एखादा अर्ज लिहून हवा असेल, तर तो लिहून द्या. लिहिण्याआधी त्याला तारीख विचारा, रक्कम विचारा, आणि लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवा. त्याने मान हलवली की मगच सही घ्या.

फडावरची ती बाई पुढच्या हंगामात आम्हांला पुन्हा भेटली. ह्या वेळी तिने सांगितले आणि आम्ही लिहिले. पान एकच झाले. वाचून दाखवल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आता बराबर हाय."